भिंत लाकडाची, गणित बोर्डाचं

मोठ्या खोलीचे दोन भाग करायचे म्हटलं की डोळ्यांसमोर विटा, वाळू आणि सिमेंट येतं. पण घराच्या आत, जिथे भिंतीवर वरचा कसलाही भार येणार नाही, तिथे लाकडी सांगाड्याची भिंत जास्त सोयीची पडते. लाकडाचा सांगाडा उभा करायचा, दोन्ही अंगांना जिप्सम बोर्ड (दोन कागदांच्या मध्ये जिप्समचा थर असलेले तयार फलक) मारायचे, सांधे बुजवायचे आणि रंग द्यायचा. ओलं काम जवळपास नाही, वजन कमी, आणि पुढेमागे खोली पुन्हा एक करावीशी वाटली तर भिंत काढताही येते. हत्यारंही साधीच लागतात: करवत, ड्रिल, हातोडा, टेप, लांब स्पिरिट लेव्हल, गुण्या, ओळंबा आणि खडूची दोरी. याआधी फार तर एखादा कप्पा भिंतीवर लावला असेल, तरी हे काम शिकत शिकत पूर्ण करता येतं.

अट एकच. विचार योग्य टोकापासून सुरू करायला हवा. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण लाकडापासून सुरुवात करतात. इतकी लांबी, इतके खांब, समान अंतरावर उभे केले की झालं, असा त्यांचा हिशोब असतो. सांगाडा दिसतोही छान. मग पहिला बोर्ड लावायला घेतात आणि कळतं की बोर्डाची कड मधेच हवेत लोंबकळते आहे, स्क्रू मारायला मागे लाकूडच नाही. बोर्ड ठरावीक रुंदीचा येतो आणि त्याच्या प्रत्येक उभ्या कडेला मागे लाकडाचा आधार लागतो. म्हणजे लाकूड कुठे उभं राहणार हे बोर्ड ठरवतो. सगळी मापं त्याच्यापासून उलटी काढत यायची.

सांगाड्यात चार प्रकारचे भाग असतात. जमिनीवर आडवी बसते ती तळपट्टी. छताला लागून असते ती छतपट्टी. या दोघींच्या मध्ये ठरावीक अंतरावर उभे असतात ते स्टड. आणि दोन स्टडच्या मध्ये आडवे बसवतात ते ठोकळे. हे सगळं एकाच मापाच्या लाकडातून निघतं. साधारणपणे 75 किंवा 100 मिमी रुंद आणि 45 ते 50 मिमी जाड लाकूड घेतात. उत्तर अमेरिकेत ‘टू बाय फोर’ म्हणून मिळणारं रंधलेलं लाकूड प्रत्यक्षात 38 बाय 89 मिमी भरतं, त्यामुळे पावतीवरच्या मापावर हिशोब मांडू नका. लाकूड हातात आलं की टेप लावा आणि जे माप निघेल तेच पुढे वापरा. साध्या उंचीच्या भिंतीला 75 मिमी पुरतं, पण जागा असेल तर पहिल्या भिंतीसाठी मी 100 मिमीच सुचवेन. भिंत हलत नाही आणि आत विजेचे बॉक्स, नळ्या, आवाज अडवायची लोकर आरामात मावतात.

आधी जागा तपासा

इथे सांगतो आहे ती भार न पेलणारी भिंत आहे. जुनी भिंत पाडून तिच्या जागी ही उभी करण्याचा बेत असेल, तर ती जुनी भिंत वरचा भार पेलते की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय तिला हात लावू नका. नव्या भिंतीचंही स्वतःचं वजन असतंच. 12.5 मिमी जाडीच्या साध्या बोर्डाचं वजन दर चौरस मीटरला 8 किलोच्या आसपास भरतं. दोन्ही बाजूंचे बोर्ड आणि मधलं लाकूड धरून 3.6 मीटर लांब, 2.4 मीटर उंच भिंत दोनशे किलोच्या घरात जाते. काँक्रीटच्या स्लॅबला हे वजन काहीच नाही. लाकडी तक्तपोशीवर मात्र खालचे वासे कोणत्या दिशेने जातात ते बघावं लागतं. भिंत वाशांना आडवी जात असेल तर वजन अनेक वाशांवर वाटलं जातं. ती वाशांना समांतर असेल तर एखाद्या वाशाच्या बरोबर वरच यावी, किंवा खालून दोन वाशांच्या मध्ये आडवी लाकडं टाकून तिला आधार द्यावा. नुसत्या फळ्यांवर भिंत उभी करायची नाही. छताच्या बाजूलाही हाच नियम आहे. छतपट्टी वाशांना किंवा स्लॅबला पक्की व्हायला हवी, फॉल्स सीलिंगच्या बोर्डाला नव्हे.

भिंतीने खोलीचे दोन भाग झाल्यावर प्रत्येक भागात उजेड आणि वारा कुठून येणार, आगीच्या वेळी तिथून बाहेर कसं पडणार, हे प्रश्न कागदावरच सोडवून घ्या. झोपण्याची खोली किंवा जिन्यालगतची भिंत असेल तर बहुतेक ठिकाणी बांधकामाचे नियम लागू होतात, आगरोधक बोर्डही लागू शकतात. स्थानिक कार्यालयात एकदा विचारून घेतलेलं बरं.

जमिनीत भोक पाडण्याआधी खाली काय आहे ते शोधणंही यातच आलं. पाण्याच्या नळ्या, तारा, काही घरांत जमीन गरम ठेवणाऱ्या नळ्यांचं जाळं असतं. तार आणि धातू शोधणारं छोटं यंत्र मिळतं, पण प्लास्टिकची नळी त्याला नेहमीच सापडते असं नाही. शंका असेल तिथे तळपट्टी भोकं न पाडता चिकटवायची. जमिनीवर लॅमिनेटची तरंगती, म्हणजे खाली न चिकटवता नुसती अंथरलेली फरशी असेल तर तिच्यावरून स्क्रू मारू नका. ती फरशी हवेतल्या ओलाव्यानुसार थोडी फुगते, थोडी आक्रसते. तिला मधेच जखडलं तर ती दुसरीकडे उचलली जाते. भिंतीच्या रेषेवरचा तिचा पट्टा कापून काढायचा आणि तळपट्टी खालच्या पक्क्या जमिनीवर बसवायची.

लाकूड निवडताना

ओलं लाकूड स्वस्त वाटतं आणि नंतर महाग पडतं. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, पण रुंदीत आणि जाडीत चांगलंच आक्रसतं, शिवाय पीळ खातं. बोर्ड मारून झाल्यावर आतलं लाकूड आक्रसलं तर स्क्रूची डोकी पृष्ठभागावर वर येतात आणि सांध्यांना भेगा पडतात. म्हणून भट्टीत सुकवलेलं, ओलावा 20 टक्क्यांखाली असलेलं लाकूड घ्या, आणि तेही आणल्या आणल्या कापू नका. ज्या खोलीत वापरायचं त्याच खोलीत काही दिवस, मधे पट्ट्या ठेवून, हवा खेळेल असं रचून ठेवा. वाळवीचा त्रास असलेल्या भागात प्रक्रिया केलेलं लाकूडच हवं.

प्रत्येक नग निवडताना तो डोळ्याजवळ धरायचा, एक डोळा मिटायचा आणि कडेवरून दुसऱ्या टोकापर्यंत पाहायचं. बाक लगेच दिसतो. पीळ असलेला नग बाजूला काढा, त्याचे आखूड तुकडे करून ठोकळ्यांना वापरता येतात. कडेला थोडा बाक बहुतेक लाकडांना असतोच आणि तो चालतो. फक्त त्या फुगीर कडेवर पेन्सिलीने बाण काढून ठेवा, म्हणजे उभारताना सगळे बाण एकाच बाजूला ठेवता येतील. एक स्टड पुढे फुगलेला आणि शेजारचा मागे, असं झालं तर बोर्डाला लाट येते आणि रंग दिल्यावर तिरप्या उजेडात ती लपत नाही.

आखणी: इथे घाई नको

आधी जमिनीवर भिंतीची रेषा मारायची. जुन्या भिंतीशी काटकोन हवा असेल तर गुण्या फार लहान पडतो. तिथे 3-4-5 चा त्रिकोण वापरा. कोपऱ्यापासून जुन्या भिंतीलगत 3 फूट, नव्या रेषेवर 4 फूट, आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 5 फूट आलं की काटकोन जमला. जागा असेल तर हेच आकडे दुप्पट करा. त्रिकोण मोठा तेवढी चूक कमी. मग खडूची दोरी ताणून रेषा उमटवा. ही रेषा तळपट्टीच्या कडेची आहे, बोर्डाच्या पृष्ठभागाची नव्हे, हे लक्षात ठेवा. तयार भिंत दोन्ही बाजूंना 12.5 मिमीने आणखी जाड होणार आहे.

ही रेषा छतावर न्यायला ओळंबा किंवा लेझर लागतो. ओळंब्याची दोरी छताला धरून तिचं टोक जमिनीवरच्या रेषेवर स्थिर झालं की वर खूण करायची. भिंतीच्या दोन्ही टोकांना आणि मधे एक अशा खुणा केल्या की छतपट्टीची रेषा मिळते. छतावर समोरच्या भिंतीपासून टेपने माप घेऊन ही रेषा काढायचा मोह टाळा. जुन्या भिंती क्वचितच पूर्ण उभ्या असतात आणि तो तिरकेपणा तुमच्या नव्या भिंतीत उतरतो.

आता सगळ्यात महत्त्वाची आखणी, स्टडच्या जागांची. बोर्ड 1200 मिमी रुंद धरू. काही बाजारांत तो 1220 मिमी, म्हणजे पूर्ण चार फुटी असतो, तेव्हा खाली दिलेले आकडे त्या प्रमाणात बदला. स्टडचं अंतर 400 किंवा 600 मिमी ठेवतात, कारण 1200 ला दोन्हींनी भाग जातो. 12.5 मिमीच्या बोर्डाला 600 चालतं. मी मात्र 400 घ्यायला सांगेन. चार-दोन लाकडं जास्त लागतात, पण भिंतीवर हात टेकला की ती भक्कम लागते आणि नवशिक्याच्या हातून एखादा स्टड थोडा वाकडा बसला तरी निभावतं. 3.6 मीटर भिंतीला 400 च्या हिशोबाने 10 स्टड होतात, 600 च्या हिशोबाने 7. दाराभोवतीचे वेगळे.

हे 400 मिमी कुठून कुठे मोजायचे, यात बहुतेकांची गडबड होते. 45 मिमी जाडीचं लाकूड समजा. पहिला स्टड जुन्या भिंतीला चिकटून उभा राहतो, म्हणजे 0 ते 45 मिमीची जागा त्याची. बोर्डाची सुरुवातही जुन्या भिंतीपासूनच, 0 पासून होते. त्याची दुसरी कड 1200 वर येणार. त्या कडेच्या पलीकडे पुढचा बोर्ड सुरू होणार. म्हणजे तिथल्या स्टडचा मध्य बरोबर 1200 वर हवा, तरच दोन्ही बोर्डांना निम्मं निम्मं लाकूड, म्हणजे प्रत्येकी साडेबावीस मिमी मिळेल. मग मधल्या स्टडचे मध्य 400 आणि 800 वर आले. हे सगळे आकडे भिंतीच्या तोंडापासून मोजलेले आहेत. जर तुम्ही पहिल्या स्टडच्या मध्यापासून 400 मोजायला सुरुवात केली, तर प्रत्येक स्टड साडेबावीस मिमी पुढे सरकतो आणि 1200 वरची कड स्टडच्या अगदी काठावर येऊन हवेत राहते. सांगाडा बघून ही चूक कळत नाही, कारण सगळी अंतरं एकसारखीच दिसतात.

मध्यावर खूण करूनही उपयोग नसतो, कारण स्टड ठेवला की खूण झाकली जाते. म्हणून कडेची खूण करायची. 400 मधून स्टडची निम्मी जाडी वजा करा: 377.5. मग 777.5, मग 1177.5, असं पुढे. प्रत्येक खुणेवर गुण्याने आडवी रेष मारा आणि ज्या बाजूला स्टड बसणार त्या बाजूला फुली काढा. सगळ्या खुणा टेप एकदाच पसरून, पहिल्या टोकापासून करा. एका खुणेपासून पुढची मोजत गेलात तर प्रत्येक वेळचा अर्धा मिमी साचत जातो. तळपट्टी आणि छतपट्टी कापल्यावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून एकाच वेळी आखली, तर वरच्या आणि खालच्या खुणा आपोआप जुळतात. दाराचीही खूण याच वेळी करायची. दारामुळे मधले स्टड इकडेतिकडे करावे लागले तरी 400 चा क्रम मोडायचा नाही. दाराचे स्टड जादाचे समजायचे, आणि क्रमातला जो स्टड दाराच्या मोकळ्या जागेत येतो तेवढाच वगळायचा. दाराच्या वरच्या भागात त्याच जागी आखूड तुकडा येतोच.

सांगाडा उभा करणं

दोन पद्धती आहेत. एक म्हणजे अख्खा सांगाडा जमिनीवर आडवा जोडून मग उभा करायचा. सरळ वरून खिळे मारता येत असल्याने हे सोपं वाटतं. यात अडचण भूमितीची आहे. आडवा सांगाडा उभा होताना त्याचा कर्ण छताखालून जावा लागतो. सांगाडा 2400 उंच आणि 100 मिमी जाड असेल तर कर्ण 2402 मिमी होतो. खोलीची उंची बरोबर 2400 असेल तर तो उभा होण्याआधीच छताला अडतो. त्यात छत कुठे खाली, जमीन कुठे वर. मग सांगाडा मुद्दाम 10 मिमी आखूड करून वर पाचरी मारून घट्ट करावा लागतो. आधीपासून असलेल्या खोलीत, एकट्याने काम करताना, दुसरी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते: पट्ट्या आधी जागेवर बसवायच्या आणि स्टड एक एक करून मधे उभे करायचे.

तळपट्टी काँक्रीटवर बसवत असाल तर तिच्याखाली ओल रोखणारी प्लास्टिकची पट्टी अंथरा. साधारण 600 मिमी अंतरावर लाकडातून आरपार भोकं पाडून स्क्रू आणि प्लग बसवा. दाराच्या जागेत तळपट्टी सध्या अखंडच ठेवायची, म्हणजे दोन्ही बाजू एका रेषेत राहतात. तिथे फक्त स्क्रू मारायचे नाहीत. सगळा सांगाडा झाल्यावर तो तुकडा कापून काढायचा असतो. यासाठी एक युक्ती फार उपयोगी आहे. तळपट्टी बसवण्याआधी ती उलटी करून, कापण्याच्या दोन्ही रेषांवर खालून निम्म्या जाडीपर्यंत करवत चालवून ठेवा. नंतर वरून कापताना करवत त्या खाचेपाशी थांबते, फरशीला लागत नाही.

भिंतींना लागून असलेले दोन टोकांचे स्टड आता बसवा. जुनी भिंत झुकलेली असेल तर स्टड तिच्याबरोबर झुकवायचा नाही. लेव्हल लावून तो सरळ उभा करा आणि मागच्या फटीत पाचरी घालून मग स्क्रू करा.

मधल्या स्टडची लांबी प्रत्येक ठिकाणी वेगळी मोजायची. एकच माप घेऊन सगळे एकदम कापले तर काही सैल पडतात, काही बसतच नाहीत. स्टड हाताने ढकलून, हातोड्याच्या हलक्या ठोक्याने जागेवर जावा. दणके मारून घुसवावा लागत असेल तर तो लांब आहे आणि छत वर उचलू पाहतो आहे, थोडा कापा.

स्टड पट्टीला जोडताना खिळा किंवा स्क्रू तिरका मारावा लागतो. एका बाजूने दोन आणि दुसऱ्या बाजूने एक, असे तीन पुरतात. तिरका ठोका बसला की स्टड खुणेवरून सरकतो, आणि नवशिक्याचा सगळा वैताग इथे असतो. त्यावर उपाय म्हणून एक लाकडी तुकडा कापून घ्या, 400 वजा 45, म्हणजे 355 मिमी लांबीचा. आधी बसवलेला स्टड आणि नवा स्टड यांच्या मध्ये तळपट्टीवर तो आडवा ठेवला की नव्या स्टडला सरकायला जागाच उरत नाही. पलीकडून ठोका, मग तुकडा काढून अलीकडून ठोका. पहिल्या गाळ्याला, म्हणजे पहिल्या दोन स्टडमधल्या जागेला, मात्र हा तुकडा बसणार नाही. तिथे मोकळी जागा 332.5 मिमी असते, कारण पहिला स्टड पूर्णच्या पूर्ण भिंतीच्या अलीकडे आहे. टोकाला लाकूड फाटत असेल तर खिळ्याच्या जागी आधी बारीक भोक पाडून घ्या.

आडव्या ठोकळ्यांची एक ओळ साधारण मध्यावर, 1200 मिमीच्या आसपास लागते. ते स्टडना पीळ खाऊ देत नाहीत. हे ठोकळे कापताना माप मध्यावर घेऊ नका. तळपट्टीपाशी घ्या, म्हणजेच तोच 355. मध्यावर स्टड थोडा वाकलेला असू शकतो. तिथलं माप घेतलंत तर तो वाकडेपणा कायमचा पक्का होतो, तळाचं माप घेतलंत तर ठोकळाच स्टडला सरळ करतो. एक ठोकळा थोडा वर, पुढचा थोडा खाली असे बसवले की प्रत्येकाला स्टडच्या पलीकडून सरळ स्क्रू मारता येतो. जिथे पुढे कपाट, बेसिन, टीव्ही किंवा पडद्याचा रॉड लागणार, त्या उंचीवर जादा ठोकळे किंवा 18 मिमी प्लायवूडचा पट्टा आत्ताच बसवा. नुसत्या बोर्डात मारलेला स्क्रू जड वस्तू धरत नाही.

दाराची मोकळी जागा दाराच्या पल्ल्यापेक्षा बरीच मोठी लागते. पल्ला 800 मिमी, चौकटीचं लाकूड 30 मिमी, पल्ल्याच्या दोन्ही बाजूंना 3 मिमी फट आणि चौकटीमागे पाचरींना 5 मिमी धरले, तर 800 अधिक 60 अधिक 6 अधिक 10, म्हणजे 876 मिमी. उंचीचा हिशोब करताना फरशी अजून बसायची असेल तर तिची जाडी विसरू नका. दाराच्या प्रत्येक बाजूला दोन लाकडं एकमेकांना जोडून उभी करा. बाहेरचं छतापर्यंत जाणारं, आतलं दाराच्या उंचीइतकं. दारावरचं आडवं लाकूड या आतल्या लाकडांच्या डोक्यावर बसतं. दार आपटलं की सगळा धक्का इथेच येतो, म्हणून इथे लाकडात काटकसर नको.

भिंत बंद करण्याआधी

तारांसाठी भोकं स्टडच्या रुंदीच्या मधोमध पाडायची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बोर्डाच्या स्क्रूंपासून तार लांब राहते. कडेला खाच पाडून तार नेण्याची पद्धत सोपी दिसते, पण पुढच्या स्क्रूची वाट नेमकी तिथूनच जाते. नाइलाज असेल तर तिथे स्टडवर लोखंडी पट्टी ठोका. वायरिंगची जोडणी आणि तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. नळ्या असतील तर पाणी सोडून, दाब देऊन गळती तपासून मगच भिंत बंद करायची.

एका बाजूला बोर्ड मारून झाले की गाळ्यांत दगडी किंवा काचेच्या तंतूंची लोकर भरा. हातमोजे, चष्मा आणि मास्क घालूनच. लोकर दाबून कोंबायची नाही, सैलसर पण गाळाभर बसली पाहिजे. आवाज अडवण्याबाबत बहुतेकांचा सगळा भर या लोकरीवर असतो. तिचा उपयोग होतो, पण आवाज सर्वांत आधी फटींमधून जातो. तळपट्टीखालची फट, छताजवळची फट, जुन्या भिंतीला लागूनची फट, सगळ्या सीलंटने बंद करा. विजेचे दोन बॉक्स भिंतीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसवले तर तिथे जणू भोकच राहतं. ते वेगवेगळ्या गाळ्यांत घ्या. एवढं करूनही जास्त शांतता हवी असेल तर बोर्डाचा दुसरा थर चढवा, कारण वजनदार पृष्ठभाग आवाजाला जास्त अडवतो.

बोर्ड मारण्याआधी प्रत्येक गाळ्याचे, टेप शेजारी धरून, फोटो काढून ठेवा. तारा, नळ्या आणि ठोकळे नक्की कुठे आहेत हे पुढे वर्षानुवर्षं कामाला येतं.

बोर्ड आणि सांधे

अख्खा बोर्ड वीस-पंचवीस किलोचा असतो, म्हणून दुसरा माणूस हवाच. बोर्ड कापायला करवत लागत नाही. पुढच्या कागदावर पट्टी धरून धारदार कटर ओढा, मागे वाकवून मोडा आणि मागचा कागद कापा. बोर्डाची उंची खोलीच्या उंचीपेक्षा 10 ते 12 मिमी कमी ठेवा. तो पायाच्या पाचरीने उचलून छताला टेकवायचा आणि फट खाली ठेवायची. खाली सांडलेलं पाणी मग बोर्डात चढत नाही. न्हाणीघरासारख्या जागी ओलावा सोसणारे बोर्डच घ्या.

लाकडावर 12.5 मिमीच्या बोर्डाला 38 मिमीचे स्क्रू ठीक असतात. मधे सुमारे 300 मिमी अंतरावर, कडांना थोडे जवळ, आणि कडेपासून किमान 10 मिमी आत. कापलेल्या कडेला 15 मिमी. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित खाली जावं, कागद मात्र फाटू नये. बोर्डाची सगळी पकड त्या कागदात असते. कागद फाटला तर तो स्क्रू नसल्यासारखाच, शेजारी दुसरा मारा.

दाराच्या वरच्या कोपऱ्याच्या रेषेत बोर्डाचा उभा सांधा आणू नका. दार उघडझाप होताना ताण त्याच कोपऱ्यात जमतो आणि सांध्याला तिथून वर भेग जाते. बोर्डाला दाराच्या आकाराची खाच कापा आणि सांधा दाराच्या वर, मधल्या आखूड स्टडवर घ्या. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सुरुवात 800 मिमीच्या कापलेल्या बोर्डाने करा, म्हणजे दोन्ही बाजूंचे सांधे एकाच स्टडवर येत नाहीत.

सांध्यांसाठी कागदी टेप आणि जॉइंट कंपाउंड वापरा. बोर्डाच्या लांब कडा थोड्या उतरत्या असतात, त्या खोलगट भागात आधी कंपाउंड, त्यात टेप दाबून बसवायची, आणि सुकल्यावर आणखी दोन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. शेवटचा थर 300 मिमीपर्यंत पसरवला तरी चालतो. नवशिक्या बहुधा अरुंद आणि जाड थर देतो, आणि मग भिंतीवर उभे उंचवटे दिसतात. पातळ आणि रुंद द्या, पूर्ण सुकू द्या. घासताना विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड पाडा, उंचसखल भाग लगेच उठून दिसतो. नवी भिंत आणि जुनी भिंत जिथे मिळतात तिथे कंपाउंडवर भरवसा ठेवू नका. दोन्ही आपापल्या गतीने हलतात, त्या कोपऱ्यात रंगवता येणारं लवचीक ॲक्रिलिक सीलंट भरा.

रंगाआधी प्रायमरचा एक थर द्या. कागद आणि कंपाउंड रंग वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यामुळे प्रायमर नसेल तर सांधे पट्ट्यांसारखे उमटतात. खालची फट स्कर्टिंगने, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीने, झाकली जाते. स्कर्टिंगचे स्क्रू स्टडमध्ये जातील असे मारा, आणि त्यासाठी फरशीवर चिकटपट्टीने स्टडच्या खुणा बोर्ड मारण्याआधीच करून ठेवा.